संत जॉन बॉस्को : सायंकाळच्या वेळेचे राखणदार



महोत्सवाच्या मंगल समयी गतकाळातील कृपादानांचे स्मरण करून परमेश्वराचे आभार मानावेत, आणि त्याच वेळी पुढील वाटचालीसाठी एखाद्या संताचे चरित्र दिव्यासारखे हाती घ्यावे, ही आपल्या पवित्र ख्रिस्तसभेची जुनी रीत होय. या स्मरणिकेसाठी कोणत्या संताची निवड करावी, याचा मी बराच विचार केला. आपल्या वारजे गावात एके काळी सर्वत्र शेती होती. कणसात दाणा भरू लागला म्हणजे शेतकरी शेतातील माळ्यावर बसून राखण करीत असे. पेरणी झाली, पाणी दिले, आता पीक आपोआप घरी येईल, असे म्हणून तो स्वस्थ निजत नसे. पाखरे येतात ती दाणा भरल्यावरच, हे त्यास पक्के ठाऊक होते. आज ती शेते राहिली नाहीत. परंतु दाणा भरू लागलेली कणसे मात्र घरोघरी आहेत. आपण मुलांस शाळेत घालतो, शिकवणीचे पैसे भरतो, रविवारी धर्मशिक्षणास पाठवितो. पण शाळा सुटल्यापासून आई-बाप कामावरून परत येईपर्यंतच्या तीन-चार तासांची राखण कोण करतो? या एकाच प्रश्नासाठी ज्या धर्मगुरूने आपले सर्व आयुष्य वेचले, त्या संत जॉन बॉस्को यांची कथा येथे सांगावयाची आहे. इटली देशात धर्मगुरूंच्या नावामागे डॉन हे आदरार्थी पद लावतात. म्हणून जग त्यांस डॉन बॉस्को या नावाने ओळखते.

इटलीच्या उत्तरेस पिएमोंत नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील कास्तेल्नुओवो गावाच्या बेक्की या लहानशा वाडीत दि. १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉन बॉस्को यांचा जन्म झाला. वडील फ्रांचेस्को हे साधे शेतकरी. घामाघूम होऊन थंड तळघरात गेल्याचे निमित्त झाले, ज्वर छातीत उतरला आणि मे १८१७ मध्ये ते प्रभूघरी गेले. त्या वेळी जॉन पुरता दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गारिता ऐन तारुण्यात विधवा झाली. तिच्या पदरी सावत्र मुलगा अंतोनियो, स्वतःचे दोन मुलगे ज्युसेप्पे व जॉन, आणि वृद्ध सासू, एवढा परिवार होता. त्याच साली त्या प्रांतात दुष्काळ पडला. या माउलीस लिहिता-वाचता येत नव्हते. पण प्रार्थना, कष्ट आणि दारी आलेल्या भुकेल्यास घास देणे, हे तीन पाठ तिने मुलांस असे दिले की पुढे मोठमोठ्या पाठशाळांतही तसे कोणी देऊ शकले नाही.

वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. ते त्यांस जन्मभर विसरता आले नाही. एका मोकळ्या जागेत पुष्कळ मुले खेळत होती. त्यांपैकी कित्येक अर्वाच्य बोलत होती, देवाच्या नावाची निंदा करीत होती. जॉन संतापून त्यांच्यावर धावून गेला आणि मुठी चालवू लागला. इतक्यात एक तेजस्वी पुरुष तेथे प्रकट झाला व त्याने या मुलाला समजाविले की, ही मुले जिंकावयाची ती माराने नव्हे, तर सौम्यपणाने व प्रीतीने. नंतर एक दिव्य स्त्री दिसली. तिच्यासमोर रानटी श्वापदांची कोकरे झाली. स्वप्नाचा अर्थ घरातील प्रत्येकाने निरनिराळा लावला. हा मुलगा एखादे वेळी धर्मगुरू होईल, असे आईच्या मनात आले.

जॉन मात्र अर्थाची वाट पाहत बसला नाही. जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे व जादूगारांचे खेळ तो टक लावून पाही, आणि घरी येऊन, पडत-धडपडत, तेच खेळ शिकत असे. दोरावरून चालणे, हातांवर चालणे, नजरबंदीचे प्रयोग करणे, हे त्यास चांगलेच साधले. रविवारी दुपारी शेजारच्या वाड्यांतील मुले व मोठी माणसे जमत. आधी माळेचा जप होई, सकाळच्या मिस्सातील प्रवचन तो स्मरणाने पुन्हा सांगे, आणि मग दोरावरचा खेळ रंगे. ज्यास प्रार्थना नको, त्यास खेळही नाही, असा नियम होता. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने मोकळ्या वेळेचे मर्म त्या वयातच ओळखले होते. मुले जेथे आनंद असेल तेथे जातात. तेव्हा चांगल्या माणसांनीच त्यांस आनंदाची जागा करून द्यावी, हे ते मर्म होय.

त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची वाट फार खडतर होती. थोरला अंतोनियो रात्रंदिवस शेतात राबत असे. धाकट्याने पुस्तके वाचीत बसावे, हे त्यास सहन होत नसे. घरातील भांडणे विकोपास गेली, तेव्हा १८२८ च्या हिवाळ्यात आईने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठविले. मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो सुमारे दोन वर्षे गडी म्हणून राहिला. बैलांबरोबर चालताना हाती पुस्तक असे. पुढे वृद्ध धर्मगुरू डॉन कालोस्सो यांनी त्याची बुद्धी हेरली व त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. परंतु एक वर्ष पुरे होते न होते तोच, नोव्हेंबर १८३० मध्ये, त्यांचे निधन झाले. पोरक्या मुलास दुसऱ्यांदा पोरकेपण आले. आपल्यावर पित्यासारखी माया करणारा वडीलधारा माणूस मिळणे म्हणजे काय आणि तो गमावणे म्हणजे काय, हे डॉन बॉस्को पुस्तकांतून शिकले नव्हते.

१८३१ पासून किएरी या शहरात त्यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. राहण्या-जेवणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी शिंप्याकडे सुई धरली, लोहाराकडे भाता ओढला, सुतारकाम केले, कॉफीच्या दुकानात वाढपी म्हणून राबले व तेथे मिठाई करावयास शिकले. हे सर्व हुन्नर पुढे कामी येणार होते. शाळासोबत्यांचे त्यांनी एक आनंदी मंडळ स्थापन केले. ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारे काही करावयाचे नाही, अभ्यास चुकवावयाचा नाही आणि सदा आनंदात राहावयाचे, इतकेच त्याचे नियम होते. पुढे धर्मगुरूपदाचे शिक्षण पुरे होऊन दि. ५ जून १८४१ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षेनंतर ते तुरीन शहरी आले. तेथे संत जोसेफ काफास्सो हे त्यांचे मार्गदर्शक होते. त्या काळी तुरीन झपाट्याने वाढत होते. चोहोकडे इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते, आणि डोंगरांतील खेड्यांतून कोवळी मुले पोट भरण्यासाठी शहरात येत होती. कोणी गवंड्याच्या हाताखाली चुना-विटा वाही, कोणी धुराडी साफ करी. त्यांस घर नव्हते, नातलग नव्हते, शाळा नव्हती. काम संपले की रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाशी तुरुंग! संत काफास्सो यांनी या तरुण धर्मगुरूस तुरुंगांत नेले. बारा ते अठरा वर्षांची, धडधाकट, बुद्धिमान मुले तेथे किड्यांप्रमाणे खितपत पडलेली पाहून डॉन बॉस्को यांचे हृदय कळवळले. त्यातही एका गोष्टीने ते विशेष अंतर्मुख झाले. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच कोठडीत दिसत. याचे कारण त्यांनी शोधले, तेव्हा उत्तर सरळ होते. बाहेर त्यांची वाट पाहणारे, त्यांस कामास लावणारे आणि सुट्टीच्या दिवशी जवळ घेणारे कोणीच नव्हते. या मुलांस तुरुंगाच्या दारात जाऊन भेटण्यापेक्षा त्या वाटेवर आधीच गाठले तर! या एका विचारातून पुढील सर्व कार्य उभे राहिले.

त्या कार्याचा आरंभ अगदी लहान होता. दि. ८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात डॉन बॉस्को मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत होते. थंडीने कुडकुडणारा एक मुलगा आत येऊन कोपऱ्यात उभा राहिला. मंदिरसेवकाने त्यास मिस्साची सेवा करावयास सांगितले. मुलाला ती येत नव्हती. सेवक चिडला आणि त्याने काठी उगारून त्यास हाकलून दिले. डॉन बॉस्को यांनी तत्काळ सेवकास थांबविले, तो मुलगा आपला मित्र असल्याचे सांगितले व त्यास परत बोलावून आणविले. मिस्सा झाल्यावर ते त्याच्याजवळ बसले. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, आई-बाप वारलेले, गवंड्याच्या हाताखाली काम, अक्षरओळख नाही, धर्मशिक्षण नाही. त्याला गाता येते का? नाही. शीळ घालता येते का? या प्रश्नावर तो मुलगा हसला. दार उघडले ते त्या हास्याने. दोघांनी मिळून नमो मरिया ही प्रार्थना म्हटली व पहिला धडा झाला. पुढील रविवारी गारेल्ली आपल्यासोबत आणखी काही सोबती घेऊन आला. संताचे एवढे थोर कार्य एका हाकललेल्या मुलाला परत बोलावण्यापासून सुरू झाले, ही गोष्ट आम्हां मंदिराच्या सेवकांनी कधीही विसरू नये.

मुलांची संख्या शेकड्यांवर गेली. या मेळ्यास डॉन बॉस्को ऑरेटरी म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ प्रार्थनास्थान. परंतु येथे प्रार्थनेबरोबर खेळ होता, गाणे होते, सहल होती आणि अभ्यासही होता. रविवारी सकाळी पापनिवेदन व मिस्सा, मग न्याहारी व खेळ, दुपारी धर्मशिक्षण, पुन्हा खेळ, आणि अंधार पडल्यावर एकमेकांचा निरोप, असा क्रम असे. आठवड्यातील दिवशी काम सुटल्यावर मुले लिहा-वाचावयास येऊ लागली. त्यातून सायंकाळच्या वर्गांचा उगम झाला. वाचन, लेखन, हिशेब, पुढे चित्रकला व संगीत असे विषय वाढत गेले. मुलांस समजतील अशी पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतः लिहिली. त्यांनी लिहिलेला ख्रिस्तसभेचा इतिहास १८४५ साली, तर बायबलातील इतिहास १८४७ साली निघाला. देशात नवी दशमान मापे सुरू व्हावयाची होती. बाजारात मजुरांची मुले फसू नयेत, म्हणून १८४९ साली या धर्मगुरूने मापांवरही पुस्तक लिहिले. मुलांच्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्यास त्यांच्या वजनमापांचीही काळजी होती.

परंतु एवढ्या मुलांस ठेवावयाचे कोठे? येथून त्यांची वणवण सुरू झाली. मार्क्विस बारोलो नावाच्या धर्मशील बाईंनी आपल्या आश्रमात जागा दिली होती. तिचे दुसरे काम निघाल्यावर ती सोडावी लागली. दफनभूमीजवळच्या मंदिरात गेले, तर गोंगाटाची तक्रार झाली. पिठाच्या गिरण्यांजवळ गेले, तेथेही तेच. भाड्याच्या खोल्या घेतल्या. शेजाऱ्यांनी त्या सोडावयास लावल्या. अखेर एक कुरण भाड्याने घेतले. मुलांच्या पायांखाली गवताची मुळेही उरली नाहीत, म्हणून मालकाने तेही काढून घेतले. नगराधिकाऱ्यांस इतक्या मुलांचा जमाव पाहून बंडाचा संशय येऊ लागला. बारोलो बाईंनी आपली नोकरी अथवा ही मुले, यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. त्यांनी मुले निवडली व पगार सोडला. जवळच्या मित्रांसही ते भ्रमिष्ट झाले असे वाटू लागले. दोन धर्मगुरू त्यांस वेड्यांच्या इस्पितळात पोहोचविण्यासाठी बंद गाडी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनी त्या दोघांस आदराने आधी गाडीत बसविले, दार लावले आणि गाडीवानास गाडी हाकण्यास सांगितले!

तुरीनमधील काही धर्मग्रामांच्या प्रमुख धर्मगुरूंनीही आक्षेप घेतला. मुले आपापल्या धर्मग्रामातील मंदिरात न येता या धर्मगुरूमागे जातात, अशी त्यांची तक्रार होती. तीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. परंतु डॉन बॉस्को यांनी नम्रतेने दाखवून दिले की, यातील बहुतेक मुले परगावची आहेत. आपण कोणत्या धर्मग्रामात राहतो हे त्यांस ठाऊकच नाही, आणि त्यांस विचारणारेही कोणी नाही. यावर त्या धर्मगुरूंनी विचार करून हे कार्य चालू द्यावे असे ठरविले. मी स्वतः धर्मग्रामाचा प्रमुख असल्याने हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी मान खाली जाते. आमच्या नोंदवह्यांत ज्यांची नावे आहेत, त्यांची आम्ही गणती करतो. ज्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत, त्यांचे काय?

शेवटी वाल्दोक्को या भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक शाकारलेली पडवी मिळाली. ती इतकी ठेंगणी होती की, आतील जमीन खोल खणून उंची वाढवावी लागली. दि. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणी, त्या पडवीत पहिली मिस्सा झाली. वणवण संपली, पण शरीर थकले होते. जुलैमध्ये ते अंथरुणास खिळले व जगण्याची आशा सुटली. तेव्हा त्या गवंडीकाम करणाऱ्या पोरांनी उपवास केले, रात्री जागून प्रार्थना केल्या, नवस बोलले. देवाने त्यांचे ऐकले. त्या दिवसापासून आपले उरलेले आयुष्य या मुलांच्या मालकीचे आहे, असे डॉन बॉस्को मानू लागले.

त्याच साली नोव्हेंबरमध्ये ते गावाकडून परत आले, तेव्हा सोबत आई मार्गारिता होती. अठ्ठावन्न वर्षांची ती वृद्धा आपले अंगण, नातवंडे व शेत सोडून परक्या मुलांची आई व्हावयास शहरात आली. तिने लग्नातील वस्त्रांचे कापड वेदीसाठी दिले. १८४७ च्या वसंतात एका पावसाळी रात्री चिंब भिजलेला एक पोरका मुलगा दाराशी आला. पूर्वी आसरा दिलेल्या काही मुलांनी पांघरुणे चोरून नेली होती; तरीही या माउलीने त्यास ऊब दिली, गरम सूप वाढले, स्वयंपाकघरातच बिछाना केला, आणि निजण्यापूर्वी प्रामाणिकपणा, काम व प्रार्थना यांविषयी चार शब्द सांगितले. सालेशियन घरांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांस दोन गोड शब्द सांगण्याची जी प्रथा आजही पाळतात, तिचे मूळ या स्वयंपाकघरात आहे, असे मानतात.

माउलीचाही धीर एकदा सुटला. तिने कष्टाने लावलेला भाजीचा वाफा मुलांनी लढाईच्या खेळात पार तुडविला. वाळत घातलेले कपडे मळविणे, भांडी हरविणे, हे तर रोजचेच होते. तिने मुलाजवळ गावी परत जाण्याची परवानगी मागितली. डॉन बॉस्को काहीच बोलले नाहीत. त्यांनी केवळ भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविले. तिचे डोळे भरून आले; ती उठली आणि पुन्हा कामास लागली. दि. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी तिने तेथेच देह ठेवला.

पुढील कार्य वेगाने वाढले. मुले ज्या मालकांकडे कामास जात, तेथे जाऊन डॉन बॉस्को त्यांची विचारपूस करीत. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी मालकांशी लेखी करार करण्यास आरंभ केला. सन १८५२ मधील असा एक करार आजही उपलब्ध आहे. सुताराच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या मुलास मालकाने शब्दांनीच सुधारावे, मारू नये. त्यास धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत. रविवारी व सणाच्या दिवशी मोकळे सोडावे. ठरलेली मजुरी द्यावी. वर्षातून पंधरा दिवस सुट्टी द्यावी, अशा अटी तीत आहेत. मजुरांच्या हक्कांचे कायदे फारसे कोणास ठाऊक नव्हते, त्या काळातील ही गोष्ट होय. नंतर त्यांनी आपल्याच घरी उद्योगशाळा काढल्या. १८५३ मध्ये जोडे शिवण्याची व शिंपीकामाची, पुढे पुस्तकबांधणीची, सुतारकामाची, छापखान्याची व लोहारकामाची. किएरीत पोटासाठी शिकलेले हुन्नर असे फळास आले.

१८५४ साली तुरीनमध्ये पटकीची साथ आली. लोक आपल्या माणसांसही सोडून पळत होते. त्या वेळी डॉन बॉस्को यांच्या तरुण मुलांनी रोग्यांची सेवा केली, आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. ज्यांस काल समाजाने उनाड म्हटले, तेच आज समाजाच्या उशाशी बसले होते. त्याच साली दोमिनिक साव्हियो हा बारा वर्षांचा मुलगा वाल्दोक्कोस आला. पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच, ९ मार्च १८५७ रोजी, तो देवाघरी गेला. १९५४ साली ख्रिस्तसभेने त्यास संत म्हणून घोषित केले. त्याने एकदा फार कठोर तपश्चर्या करण्याचे मनात आणले, तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्यास आवरले आणि आनंद, अभ्यास, प्रार्थना व सोबत्यांना मदत याच मार्गाने पावित्र्य गाठावयास शिकविले. खेळाचे अंगणही संतपदाची पाठशाळा होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

त्यांच्या पद्धतीचे वर्णन त्यांनी १८७७ साली एका छोट्या निबंधात केले. दोष घडू द्यावयाचा व मग शिक्षा करावयाची, ही एक रीत. दोष घडण्याची वेळच येऊ नये अशा रीतीने प्रेमळ वडीलधाऱ्यांनी मुलांत सतत वावरावे, ही दुसरी. त्यांनी ही दुसरी रीत पत्करली व तीस तीन आधार दिले. विवेक, म्हणजे मुलास कारण समजावून सांगणे. धर्म, म्हणजे देवाच्या सान्निध्याची जाणीव देणे. आणि ममता, म्हणजे आपल्यावर माया आहे हे मुलाला दिसेल अशा रीतीने माया करणे. मे १८८४ मध्ये रोमहून पाठविलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांस याच शेवटच्या गोष्टीची आठवण दिली. वडीलधारे मुलांच्या खेळातून निघून गेले, केवळ देखरेखीपुरते दूर उभे राहू लागले, की प्रीती थंडावते आणि घराचे वसतिगृह होते, हे त्यांस स्पष्ट दिसत होते.

याहून मोठी गोष्ट अशी की, त्यांनी मुलांनाच कार्यकर्ते केले. मोठा मुलगा धाकट्यास अक्षरे शिकवी. काल शिकणारा आज शिकवू लागे. लहानपणी ऑरेटरीत आलेला मिकेले रुआ हा पुढे त्यांच्या गादीवर बसला. दि. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघाची स्थापना झाली, तेव्हा डॉन बॉस्को यांच्याभोवती बसलेले बहुतेक जण त्यांनीच वाढविलेले तरुण होते. १८७२ साली संत मारिया मात्झारेल्लो यांच्या साहाय्याने मुलींसाठी भगिनींचा संघ निघाला, आणि १८७५ मध्ये पहिले मिशनरी आर्जेंटिना देशास गेले. पैशाची चणचण, गैरसमज व आपल्याच महागुरूस्वामींशी झालेले मतभेद यांनी त्यांची उत्तरायुष्यातील वर्षे जड केली. तरी मुलांसमोर त्यांचा चेहरा कधी काळवंडला नाही. दि. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी प्राण ठेवला. दि. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणी, पोप अकरावे पायस यांनी त्यांस संत म्हणून घोषित केले. हे पोप महाशय तरुणपणी वाल्दोक्कोस जाऊन डॉन बॉस्को यांचे अतिथी झाले होते.

त्यांचे सुपुत्र १९०६ साली तंजावर येथे आले आणि १९२८ साली मुंबईस. माटुंग्याचे पवित्र मरियेचे मंदिर, जेथे आपल्यापैकी अनेक कुटुंबे नवस फेडावयास जातात, ते १९५७ सालचे. आणि येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. वाल्दोक्कोच्या पडवीत मजुरांची पोरे दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवीत होती, त्याच काळात, १८५५ साली, आपल्या पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मजूर व शेतकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा उघडली. देश निराळे, धर्मविचार निराळे. परंतु दिवसभर राबणाऱ्यास सायंकाळीच ज्ञान देता येते, ही दृष्टी एकच. तेव्हा हे काम परदेशी आहे असे म्हणण्यास पुणेकरांस तरी जागा नाही.

आता आपल्या वारज्याकडे पाहू. १९९७ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. महामार्गाच्या दोहो बाजूंस इमारती उठल्या, माळवाडी व रामनगर दाटले, आणि त्या इमारती बांधणारे हात दूरदूरच्या जिल्ह्यांतून आले. सकाळी चौकात कामाची वाट पाहत उभे राहणारे मजूर आपण रोज पाहतो. त्यांची मुले मात्र आपल्याला दिसत नाहीत. आपल्या स्वतःच्या घरांतही आई व बाप दोघे नोकरीस जातात. कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणारे मूल, हाती मोबाइल आणि सोबतीस कोणी नाही, हे चित्र गरिबाघरी आहे आणि सुखवस्तूकडेही आहे. तुरीनच्या रस्त्यावरचा मुलगा निदान डोळ्यांस दिसत तरी होता.

येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सायंकाळी खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूने मंदिराची एक काच फुटली. त्यात आपली मुले होती, तशी शेजारच्या वस्तीतीलही होती. मी रागावलो आणि फाटकास कुलूप घातले. काच दोन दिवसांत बसली; मुले मात्र पुन्हा आली नाहीत. त्यातील एकाची पुढे वाईट संगतीमुळे झालेली दशा माझ्या कानी आली. कुलूप घातले नसते तर तो वाचला असता, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण काठी उगारणारा मंदिरसेवक कोण, हे मला त्या दिवशी कळले. मुलांस परत बोलावून आणणारा मात्र त्या अंगणात कोणी नव्हता.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी माझी आपणांस एक विनंती आहे. सभागृहाचे पंखे, खुर्च्या आणि दिवे केवळ लग्नसमारंभांसाठी नसावेत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ते मुलांसाठी उघडे राहावे. आधी थोडा खाऊ, मग तासभर अभ्यास, मग मैदानावर खेळ, आणि निरोपापूर्वी दोन चांगले शब्द, एवढाच क्रम पुरे आहे. ही आणखी एक शिकवणी होऊ नये. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस द्यावा. महाविद्यालयीन तरुण-तरुणींनी धाकट्यांस शिकवावे व स्वतः घडावे. सुतार, वीजतंत्री, शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांनी आपला हुन्नर दाखवावा. मुलाचा धर्म, भाषा, जात विचारू नये. धर्मशिक्षण आपल्या मुलांना जसे मिळते तसे मिळत राहील, आणि इतरांस आपल्या वागणुकीतून जे दिसेल तेच पुरेसे होईल. मुलांच्या सुरक्षिततेविषयी मात्र तिळमात्र ढिलाई चालणार नाही. कोणत्याही वेळी किमान दोन जबाबदार प्रौढ हजर असावेत, कोणीही एकट्या मुलास घेऊन आडबाजूस बसू नये, ये-जा करणाऱ्यांची नोंद असावी आणि पालकांस केव्हाही येऊन पाहता यावे. ममता जितकी मोठी, तितकी दक्षता मोठी असली पाहिजे.

या कामास फार पैसा लागत नाही. माणसे लागतात, आणि ती रोज लागतात. कठीण आहे ते हेच. चेंडूने काच फुटेल, कुंड्या तुडविल्या जातील, शेजारी तक्रार करतील, आणि एखाद्या सायंकाळी आपल्यालाही कुलूप शोधावेसे वाटेल. त्या वेळी वाफा तुडविला गेलेल्या त्या वृद्ध माउलीची आठवण करा आणि भिंतीवरील क्रुसाकडे पाहा.

मुलांना जवळ येऊ देणाऱ्या प्रभू येशूने, ख्रिस्ती जनांचे साहाय्य जी पवित्र मरिया तिच्या व संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने, आपल्या धर्मग्रामास अशी राखण करण्याची शक्ती द्यावी, आणि पुढील महोत्सवी जे कोणी या अंगणात जमतील, त्यांस येथे भरलेली कणसे दिसावीत, हीच नम्र प्रार्थना. आमेन.